हेल्मेट नको, नकाशा दाखवा

सोलापूरच्या आमच्या घरी माळ्यावर एका खोक्यात एक पिवळं हेल्मेट पडून आहे. मागे सेलोटेपने चिकटवलेली नऊ व्होल्टची बॅटरी, वर आर्डुइनोचा बोर्ड, पुढे एमक्यू-२ नावाचा गॅस सेन्सर, बाजूला तापमान मोजणारा निळा डीएचटी-११ आणि कानाजवळ एक बझर. सगळ्यांना जोडणाऱ्या लाल-पिवळ्या जंपर वायरी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा आमचा हा प्रोजेक्ट. नाव होतं 'स्मार्ट सेफ्टी हेल्मेट फॉर कोल माइन वर्कर्स'.

आम्ही चौघे होतो. सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेतून आणले. कोड बहुतेक इंटरनेटवरून उचलला, रिपोर्ट सीनियरच्या रिपोर्टवरून. परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या सरांसमोर मी सिगारेटचा लायटर न पेटवता नुसता दाबला आणि सेन्सरसमोर धरला. बझर वाजला. सर म्हणाले, "व्हेरी गुड." विषय संपला, मार्क मिळाले.

आमच्यातल्या एकानेही तोवर कोळशाची खाण पाहिली नव्हती. पाहणार कुठून? सोलापूर जिल्ह्याच्या पायाखाली काळा बेसॉल्ट आहे. कोळसा आपल्याकडे मालगाडीने येतो आणि धूर होऊन जातो.

तुमच्यापैकी कुणी इंजिनिअरिंग करत असेल तर 'स्मार्ट हेल्मेट कोल माइन' एवढंच सर्च करून बघा. पानामागून पान प्रोजेक्ट आणि पेपर निघतील. सेन्सर तेच, ब्लॉक डायग्राम तीच, 'भविष्यात यात जीपीएस जोडता येईल' हे शेवटचं वाक्यही तेच. जीपीएस! जमिनीखाली, जिथे उपग्रहाचा सिग्नल पोचतच नाही, तिथे. आम्हीही हेच वाक्य लिहिलं होतं. टाळ्याही मिळाल्या होत्या.

हा लेख त्या हेल्मेटाविरुद्ध आहे. आमच्यासारखी पोरं खोटं शिकतात, एवढंच म्हणायचं असतं तर एक मीम पुरलं असतं. माझा राग मोठ्या गोष्टीवर आहे. खाणीतली सुरक्षितता म्हटलं की आपण सगळे, विद्यार्थ्यांपासून संशोधकांपर्यंत, कामगाराच्या डोक्याकडे बघतो. आणि तो मरतो बहुतेक वेळा कागदावर आधीच झालेल्या एखाद्या निर्णयामुळे.

लायटर आणि लाकडी काठी

पुण्यात नोकरीला लागल्यावर माझा फ्लॅटमेट वणीचा निघाला. त्याचे वडील वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये, भूमिगत खाणीत नोकरी करून निवृत्त झालेले. एकदा ते मुलाकडे राहायला आले तेव्हा मी मोठ्या हौसेने फोनवर हेल्मेटचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून झूम केलं.

"बॅटरी उघडीच हाय का?"

"हो काका, डेमोसाठी होती."

"हे घालून खाली गेलो ना बाप्पा, तर गॅसच्या आधी तुह्या हेल्मेटचीच भीती."

मला तेव्हा नीट कळलं नाही. नंतर वाचलं आणि कानशिलं तापली. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की स्फोट होऊ शकतो. म्हणून आपल्या नियमांत मिथेन १.२५ टक्क्यांवर गेला की त्या भागातली वीज तोडायची असते. वायू असलेल्या खाणीत नेण्याचं प्रत्येक विजेचं उपकरण असं बनवावं लागतं की तार तुटली, सर्किट शॉर्ट झालं तरी ठिणगीत वायू पेटवण्याइतकी ऊर्जाच नसावी. नाहीतर ते मजबूत पेटीत बंद हवं. त्याला धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची मंजुरी लागते. आमच्या हेल्मेटमध्ये हलणाऱ्या जंपर वायरी होत्या आणि सेन्सरच्या पोटात सतत तापणारा हीटर. आम्ही माणसाच्या डोक्याला ठिणगी बांधली होती आणि तिला 'सेफ्टी' नाव दिलं होतं.

मी काकांना विचारलं, मग तुम्ही कशावर भरवसा ठेवायचात? म्हणाले, "दांडक्यावर." छताला दांडक्याने ठोकायचं. आवाज खणखणीत आला तर छत धरून आहे. बद्द आला, ढोलासारखा, तर वरचा थर सुटलाय. मग तिथं उभं राहायचं नाही. पुढे म्हणाले, "आवाज तर आम्हाला समजेच. पण थांबायचं का नाही, हे काय आम्ही ठरवत होतो का?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आमचा बझर वाजल्यावर पुढे काय व्हायचं? आमच्या फ्लोचार्टमध्ये शेवटच्या चौकोनात लिहिलं होतं 'अलर्ट वर्कर'. अलर्ट झालेल्या वर्करने काय करायचं, याचा चौकोनच नव्हता.

कायद्यातही तो चौकोन अर्धाच काढलेला आहे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार, जीवावर बेतेल असा धोका वाटला तर कामगार तो मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या लक्षात आणून देऊ शकतो. मालकाला पटलं तर मालक उपाय करेल. नाही पटलं तर प्रकरण निरीक्षकाकडे, आणि त्याचा निर्णय अंतिम. त्या निरीक्षकाचं नवं नाव आहे 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर'. 'लक्षात आणून देणं' आणि 'काम थांबवणं' यांत जे अंतर आहे, तेवढ्यात छत खाली येतं.

दिव्याची जुनी गोष्ट

यंत्र आणलं की माणूस वाचतो, हा समज दोनशे वर्षं जुना आहे. १८१२ साली इंग्लंडमधल्या फेलिंग इथल्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसं आणि पोरं मेली. त्यानंतर १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही याने जाळीचा सुरक्षित दिवा बनवला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी, त्यामुळे आतली आग बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नाही. कल्पना अप्रतिम होती. पण खाणमालकांनी तो दिवा घेतला आणि वायूच्या भीतीने सोडून दिलेले थर पुन्हा उघडले. जिथे आधी कुणी उतरत नव्हतं तिथे दिवा देऊन माणसं उतरवली. मरणं थांबली नाहीत.

दिव्याचा यात दोष नव्हता. कुठे खणायचं, किती खणायचं, हे ठरवणारा कागद मालकाच्या टेबलावर होता आणि दिवा कामगाराच्या हातात. दोघांची भेटच होत नव्हती.

आपल्याकडे आजही ती होत नाही. खाण-संशोधनात दोन वेगळ्या खोल्या आहेत. एका खोलीवर पाटी 'प्लॅनिंग': उत्पादन किती, खर्च किती, नफा किती. दुसऱ्या खोलीवर 'सेफ्टी': सेन्सर, हेल्मेट, प्रशिक्षण, पोस्टर. पहिल्या खोलीत ठरतं, दुसऱ्या खोलीत निस्तरलं जातं.

कोड वाचता येतो म्हणून सांगतो

मी रोज दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचतो, म्हणून पहिल्या खोलीतलं एक उदाहरण देतो. १९६५ साली लेर्क्स आणि ग्रॉसमन या दोघांनी खुल्या खाणीचा सर्वांत फायदेशीर आकार शोधण्याची एक पद्धत मांडली. जमीन छोट्या ठोकळ्यांत विभागायची. प्रत्येक ठोकळ्याला किंमत द्यायची: कोळसा असेल तर अधिक, माती-दगड असेल तर उणे. मग बाण काढायचे. हा ठोकळा काढायचा तर आधी वरचे अमुक ठोकळे काढावे लागतील. असा संच निवडायचा ज्याची बेरीज सर्वांत मोठी. ग्राफ थिअरी आवडणाऱ्या कुणालाही ही पद्धत सुंदर वाटेल. मलाही वाटते.

पण बाण किती तिरके काढायचे? म्हणजे खाणीची भिंत किती उभी ठेवायची? हे अल्गोरिदम ठरवत नाही. तो कोन आपण बाहेरून देतो. इनपुट म्हणून.

आता साधं त्रिकोणमितीचं गणित करू. खाण १०० मीटर खोल आहे. भिंत ४५ अंशांत ठेवली तर वरची कड तळापासून आडवी १०० मीटर मागे जाते. ५० अंशांत ठेवली तर साधारण ८४ मीटर. पाच अंशांचा फरक. भिंत एक किलोमीटर लांब असेल तर या पाच अंशांमुळे सुमारे ८ लाख घनमीटर माती-दगड काढायचा वाचतो. एका डंपरमध्ये ४० घनमीटर धरले तर २० हजार खेपा. चंद्रपूर-वणीकडे या मातीला 'ओबी' म्हणतात. ती काढण्यात पैसा जातो आणि तिच्यातून एक रुपया मिळत नाही. त्यामुळे कोन उभा करण्याचा मोह प्रत्येक हिशेबात बसलेला असतो. तो मोह कुणा दुष्ट माणसाच्या मनात असायची गरज नाही, तो एक्सेलच्या सेलमध्येच असतो.

२४ जून २००० रोजी वेकोलिच्या कावडी खुल्या खाणीत भिंत कोसळली आणि दहा जण गेले. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधल्या राजमहाल खुल्या खाणीत, लालमटिया इथे, ओबीचा मोठा भाग सरकला आणि २३ जण गेले. या ३३ माणसांच्या डोक्यावर जगातलं सर्वांत हुशार हेल्मेट असतं तरी काय फरक पडला असता? हेल्मेट दगड झेलतं, डोंगर झेलत नाही.

म्हणून खुल्या खाणीबद्दलचा माझा पहिला प्रश्न असा: तो कोन कुणी दिला, कशावरून दिला, पाऊस धरला होता का, आणि ज्यांना त्या भिंतीखाली डंपर चालवायचा होता त्यांच्यापैकी कुणाला तो सांगितला होता का? सेन्सरचं आपण नंतर बघू.

खरं संशोधन कसं दिसतं

संशोधन बोगस असतं असं मला म्हणायचं नाही. उलट, चांगलं संशोधन कसं असतं हे कळल्यावरच आमच्या हेल्मेटची लाज वाटायला लागली.

भूमिगत खाणीत कोळसा काढताना मध्ये कोळशाचेच खांब सोडतात, छत पेलायला. खांब जाड ठेवले तर कोळसा जमिनीतच राहतो. बारीक ठेवले तर छत येतं. २१ जानेवारी १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रुक खाणीत असे शेकडो खांब एकामागून एक चिरडले गेले आणि ४३५ खाणकामगार आत राहिले. त्यानंतर सॅलमन आणि मन्रो या दोन संशोधकांनी काय केलं? त्यांनी देशभरातल्या खाणींतल्या खांबांच्या नोंदी गोळा केल्या: टिकलेल्या ९८ आणि कोसळलेल्या २७. त्या १२५ नोंदींवरून १९६७ मध्ये खांबाच्या ताकदीचं सूत्र काढलं. किती खोलीवर किती रुंद खांब सोडायचा, याचं उत्तर तिथे अंदाजावरून हिशेबावर आलं.

त्या २७ वर क्षणभर थांबा. कुणीतरी आपल्या २७ चुका कागदावर ठेवल्या म्हणून सूत्र निघालं. सगळ्या खाणींनी फक्त टिकलेले खांब दाखवले असते तर आजही अंदाजच चालला असता.

आपल्याकडेही हे झालंय. १९८० च्या दशकात धनबादच्या संशोधकांनी भारतीय कोळसाखाणींच्या छतांसाठी शंभर गुणांची एक पद्धत बसवली. थरांची जाडी ३० गुण, भेगा आणि रचना २५, पाण्याने दगड किती झिजतो २०, दगडाची ताकद १५, झिरपणारं पाणी १०. बेरीज करा, छत किती भरवशाचं ते ठरवा, त्यावरून आधार किती द्यायचा ते ठरवा. काकांच्या दांडक्याचा आवाज त्यांनी आकड्यांत आणला, असं म्हटलं तरी चालेल. यात ना ब्लूटूथ, ना अॅप. पण हा आकडा प्लॅनच्या टेबलावर जातो आणि तिथे निर्णय बदलतो. आमच्या हेल्मेटचा बझर कुठल्याच टेबलापर्यंत जात नव्हता.

ज्या घराला हेल्मेट नव्हतं

आता घुग्घुसला चला. चंद्रपूर जिल्ह्यातलं कोळशाचं गाव. इथे कोळशाचा शोध एकोणिसाव्या शतकापासूनचा. २६ ऑगस्ट २०२२ रोजी अमराई वॉर्डातलं एक घर जमिनीत गेलं. खचलं, भेग पडली, असं नाही. साठ फुटांहून खोल खड्ड्यात अख्खं घर दिसेनासं झालं. जमीन हादरताच घरातली माणसं बाहेर पळाली म्हणून वाचली. आसपासच्या कुटुंबांना घरं सोडून हलावं लागलं. खाली जुनी भूमिगत खाण होती.

त्या घरात कुणी खाणकामगार ड्यूटीवर नव्हता. हेल्मेट घालायला, सेन्सर बांधायला, ट्रेनिंग द्यायला तिथे कुणी नव्हतंच. होती फक्त जमीन, आणि जमिनीखालच्या पोकळीची माहिती असणारा, किंवा असायला हवा होता असा, एक कागद.

तो कागद म्हणजे खाणीचा नकाशा. खाण बंद करताना तिचा अखेरचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो, असा आपल्या नियमांत दंडक आहे. म्हणजे बोगदे कुठवर गेले, खांब कुठे सोडले, पाणी कुठे साठू शकतं, हे सरकारदरबारी असायला हवं. मग ज्या माणसाने त्या बोगद्यावर घर बांधलं, त्याला हे कुणी सांगितलं? बांधकामाची परवानगी देताना कुणी तो कागद उघडला?

जुन्या नकाशांची ही किंमत आपण आधीही मोजली आहे. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ जण मेले. तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूर होती. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला इथे पाणी फुटून ३७५ जण. २ फेब्रुवारी २००१ रोजी बागडिगी खाणीत शेजारच्या बंद जयरामपूर खाणीतलं पाणी मधली भिंत फोडून आलं आणि २९ जण. पाणी अचानक येत नाही. ते वर्षानुवर्षं शेजारी साठलेलं असतं. कागदावरच्या एका रेषेपलीकडे.

जुलै २००२ मध्ये अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या क्वेक्रीक खाणीत असंच घडलं. कामगारांनी शेजारच्या बंद खाणीची भिंत फोडली, कारण त्यांच्याकडच्या नकाशात ती खाण होती त्याहून लांब दाखवलेली होती. नऊ जण तीन दिवसांहून अधिक काळ अडकले आणि सुदैवाने सगळे वाचले. त्या बंद खाणीचा अखेरचा नकाशा नंतर जवळच्या गावातल्या कोळसा-संग्रहालयात सापडला. नऊ जीव एका संग्रहालयातल्या भेंडोळ्यावर अवलंबून होते! त्यानंतर त्या राज्याने जुने नकाशे शोधून, स्कॅन करून लोकांपुढे ठेवायचं काम हाती घेतलं.

ब्रिटनमध्ये तर बंद खाणींचे नकाशे सरकारकडे जमा करण्याची सक्ती १८७२ पासून आहे. तिथे कोळशाच्या पट्ट्यात घर विकत घेताना वकील आधी खाणीचा अहवाल मागवतो: या घराखाली कधी खोदकाम झालं होतं का? कुणीही वेबसाइटवर जाऊन आपल्या गावाचा नकाशा उघडून बघू शकतो. ज्यांनी आपल्याला खाणीचे कायदे दिले, त्यांनी स्वतःच्या लोकांना नकाशाही दिला. आपण कायदे ठेवले आणि नकाशा कपाटात.

"पण मग..."

हे बोललं की तीन उत्तरं येतात.

पहिलं: नकाशे उघडे केले तर चोरून कोळसा काढणाऱ्यांचं फावेल. जे चोरून काढतात त्यांना जागा आधीच माहीत असते. माहीत नसते ती वर राहणाऱ्याला. आणि चालू खाणींचे बारीक तपशील सगळ्या जगाला द्या, असं मी म्हणत नाही. बंद भूमिगत खाणींच्या सीमा, बोगद्यांची व्याप्ती आणि खोली एवढं ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि सामान्य माणसापुढे ठेवा. चालू खाणीत भिंतीचा कोन आणि छताचे गुण तिथल्या कामगारांना त्यांच्या भाषेत, हजेरीच्या ठिकाणी लावा.

दुसरं: हेल्मेटमुळे एक जीव वाचला तरी पुरे की. चांगलं, मंजुरी मिळालेलं उपकरण असेल तर जरूर वापरा. मिथेन मोजणारी खरी यंत्रं हवीतच. भिंतीची हालचाल मिलिमीटरमध्ये पकडणारे रडारही हवेत. पण 'एक जीव तरी' हे वाक्य मी आमच्या रिपोर्टमध्येही वाचलंय, पहिल्याच पानावर. त्या वाक्याच्या आड राहून आम्ही प्लॅनबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. हेल्मेट स्वस्त असतं, दिसायला बरं असतं आणि कुणालाच दुखावत नाही. चूक झाली तर खापर फोडायलाही सोयीचं: हेल्मेट दिलं होतं, त्याने घातलं नाही.

तिसरं उत्तर माझ्या कॉलेजच्या मित्राने दिलं, अस्सल सोलापुरी: "काय बे, प्रोजेक्ट तर होता! पोरांना सेन्सर जोडायला आलं, बास की." बास नाही. चार वर्षं आम्हाला हेच शिकवलं गेलं की प्रश्न कुठला हे न बघता उत्तर जोडायचं. आज मी नोकरीत डॅशबोर्ड बनवतो. आकडा लाल झाला की स्क्रीन लुकलुकते. लाल झाल्यावर कुणी काय थांबवायचं, हे विचारणारा माणूस मीटिंगमध्ये नकोसा असतो. ती सवय मला त्या हेल्मेटने लावली.

सोलापूरचा याच्याशी काय संबंध?

सोलापूरकराला 'चिमणी' म्हटलं की पक्षी आठवत नाही. विमानतळाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आम्ही वर्षानुवर्षं वादात ठेवली. १५ जून २०२३ ला ती पाडली तेव्हा अख्ख्या शहराने मोबाइलवर व्हिडिओ बघितला. एका चिमणीच्या उंचीवर, जागेवर, परवानगीवर गल्लीतल्या प्रत्येकाचं मत होतं. आणि ते चांगलंच होतं. शहराने एका बांधकामाच्या कागदांबद्दल प्रश्न विचारले.

त्याच शहराच्या दक्षिणेला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा वीजप्रकल्प उभा आहे. ६६० चे दोन संच. त्याची चिमणीही लांबून दिसते. तिथे येणारा कोळसा कुठल्या भिंतीखालून, कुठल्या छताखालून निघाला, यावर आमच्या गल्लीत कधी एक शब्द झाला नाही. देशाचं कोळसा उत्पादन २०२४-२५ मध्ये शंभर कोटी टनांच्या वर गेलं, ती बातमी आम्ही अभिमानाने फॉरवर्ड केली. रात्री एसी लावून झोपलो. मीही.

कोळसा उद्या बंद करा, असं मी म्हणत नाही. माझा लॅपटॉप त्याच विजेवर चालतो. पण जी वीज वापरतो तिच्या नकाशाबद्दल विचारण्याचा हक्क आणि जबाबदारी फक्त चंद्रपूर-वणीच्या लोकांवर सोडून मोकळं होणं, हा मला चक्क पळपुटेपणा वाटतो.

आणि आपल्याला करता येण्यासारखं खूप आहे. हा लेख फोनवर वाचणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींनो, हे तुमच्यासाठी.

युरोपचे सेंटिनेल-१ हे रडार उपग्रह २०१४ पासून जमिनीच्या प्रतिमा घेतात आणि तो डेटा फुकट मिळतो. दोन तारखांच्या प्रतिमांतल्या फरकावरून जमीन किती खचली हे काढता येतं, सेंटिमीटरच्या हिशेबात. सॉफ्टवेअरही फुकट आहे. घुग्घुससारखा एकाएकी पडणारा खड्डा त्यात आधी दिसेलच असं नाही, झाडीत अडचणीही येतात. पण कुठला पट्टा हळूहळू बसतोय ते दिसू शकतं. हा प्रोजेक्ट करा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. एखाद्या गावाखालच्या बंद खाणीचा नकाशा मागा. मिळाला तर आजच्या नकाशावर बसवा, घरं मोजा. नाही मिळाला तर आलेलं नकाराचं पत्र रिपोर्टला जोडा. तेही निष्कर्षच आहे. गणित आवडत असेल तर कोन बदलून नफा किती बदलतो आणि धोका किती, हे एकाच आलेखावर काढा. दोन खोल्यांमधली भिंत अशीच पडेल.

एका टीमने जरी हे केलं तर परीक्षेला आलेले सर बझर वाजण्याची वाट बघणार नाहीत. त्यांना कागद वाचावा लागेल. कदाचित 'व्हेरी गुड' म्हणणारही नाहीत. प्रश्न विचारतील. विचारू देत.

दिवाळीला घरी गेलो होतो तेव्हा आई म्हणाली, माळा साफ करायचाय, ते खोकं टाकू का? मी हेल्मेट बाहेर काढलं. बॅटरी फुटून तिचं पाणी वायरींवर सुकलं होतं. आतल्या पट्टीवर, डोकं टेकतं तिथे, एक ओरखडाही नव्हता. ते कधी कुणी घातलंच नव्हतं.

मी ते टाकू दिलं नाही. पुढच्या वेळी वणीला जाईन तेव्हा काकांसमोर ठेवणार आहे, आणि त्यांना विचारणार आहे की तुमच्या खाणीचा नकाशा तुम्ही कधी पाहिला होता का.